नथणीनं पान्हा चोरला नाही

शर्यतीचे घोडे पैदा करणाऱ्या भरडा स्टडवर दसऱ्याच्या दिवशी घोड्यांची पूजा झाली की घोड्यांची निगा राखणारे जुने मोतद्दार म्हस्कू गोफणे यांना एक गोष्ट सांगावी लागे. ही प्रथा कोणी पाडली ते आता कोणाला आठवत नव्हतं. झेंडूच्या माळा बांधून झाल्या, खुरांवर हळदकुंकू पडलं, पेढ्यांचा खोका एकदा फिरला, की कोणीतरी म्हणायचंच, "हं, म्हस्कूतात्या, होऊन जाऊ द्या!" मग त्र्याऐंशी वर्षांचे तात्या फेटा सारखा करायचे, दोनदा नको-नको म्हणायचे आणि अगदी मन लावून सांगायचे.

गोष्ट एकोणीसशे एक्क्याऐंशी सालची. फार्मच्या आताच्या मालकीण होमाईबाई भरडा यांच्या वडिलांनी विलायतेहून आणलेली क्वीन्स पेटल नावाची शर्यतीची घोडी तीन आठवडे आधीच व्याली आणि त्यातच गेली. शेजारच्या ठाणात त्याच पहाटे नथणी व्यालेली. नथणी म्हणजे भीमथडी जातीची घोडी, भीमेकाठच्या धनगरांच्या कळपामागं संसाराचं ओझं घेऊन चालणाऱ्यांतली. ठेंगणी, काटक. नाकपुडीजवळ पांढरा ठिपका, म्हणून नथणी. फार्मवर तिला ठेवली होती ती दूधआई म्हणून. कोणा उंची घोडीला दूध आलं नाही तर नथणी हाताशी असावी, एवढ्यासाठी तिला फार्मवरच्याच एका म्हाताऱ्या शर्यतीच्या घोड्याकडून गाभण ठेवायचे. त्या पहाटे नथणीचं शिंगरू मेलं आणि पेटलचं जगलं.

"परक्याचं शिंगरू घोडी जवळ करत न्हाई," तात्या सांगायचे. "लाथ झाडती, न्हाईतर पान्हा चोरती. दूध असून सोडत न्हाई. पर आमच्या नथणीनं," इथं ते थांबायचे, आणि सगळे मोतद्दार एका सुरात वाक्य पुरं करायचे, "पान्हा चोरला न्हाई!"

त्या पोरक्या शिंगरापासून पुढं पेटलचं घराणं वाढलं. ती शिंगी स्वतः पळण्यात सुमारच निघाली. जन्मदात्या आईचं दूध मिळालं नाही ना, असं तेव्हा जाणकारांनी ठरवून टाकलं. पण तिच्या लेकी, नाती, पणत्या अशा निघाल्या की पुण्याच्या आणि मुंबईच्या रेसकोर्सवर लोक त्यांचे खूर बघायला वाकायचे. काळे, दगडासारखे खूर. आखूड पाठ, खोल छाती. पेटलच्या वंशातली घोडी लंगडली असं कोणी ऐकलं नव्हतं. "विलायती हाड आहे," असं होमाईबाईंचे वडील सांगत, आणि पेटलचा सोनेरी चौकटीतला फोटो दिवाणखान्यात येईल त्याला दाखवत.

तात्यांची लेक सुभद्रा हिनं ही गोष्ट चाळिसेक वेळा तरी ऐकली असेल. तात्या कुठल्या शब्दाला खोकणार हेही तिला ठाऊक होतं. मोतद्दाराच्या या मुलीनं जनावरांची डॉक्टर होऊन परत भरडा स्टडवरच नोकरी धरली त्याला आता पंचवीस वर्षं होत आली होती. आणि दोन हजार चाळीसच्या त्या दसऱ्याला त्या गोष्टीचं वाटोळं होणार होतं ते तिच्याच हातून.

त्या वर्षी फार्मवर वंशदर्शी आलं. यंत्र म्हणजे कपाटाएवढी एक पेटी आणि गोल रिंगणाच्या छतात बसवलेले आठ प्रकाशझोत. काम मात्र अजब होतं. कोणत्याही जिवाच्या पेशीत त्याच्या आईबापाकडून आलेला मजकूर असतो. आईचा अर्धा, बापाचा अर्धा. पुढच्या पिढीत त्यातला अर्धाच जातो, त्याच्या पुढं पाव, असं करत पाच पिढ्यांनंतर मूळ घोडीचा बत्तिसावा हिस्सा उरतो. पण प्रत्येक वंशजाकडं तोच हिस्सा नसतो. एकीकडं गोधडीचा हा तुकडा, दुसरीकडं तो. चाळीस-पन्नास वंशजांचे मुळासकटचे केस गोळा केले, तर वंशदर्शी हे तुकडे जुळवत मागं जातं आणि कधीच मातीत गेलेल्या घोडीचा मजकूर पुन्हा मांडतं. तिला एकच लेक असेल तर अर्धाच हाती लागतो. उरलेला यंत्र अंदाजानं भरतं, आणि तेवढा भाग धूसर दाखवतं.

पुढची करामत त्याहून मोठी होती. त्या मजकुरावरून यंत्र हाडं मोजायचं. खांद्याचा कोन किती, पायाची नळी केवढी, खुराची भिंत किती जाड, ते सगळं काढून त्या घोडीला पूर्ण आकाराची, प्रकाशाची बनवून रिंगणात चालवायचं. शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ ज्या स्टडबुकात ठेवतात, त्या बुकवाल्यांनी यंदापासून या यंत्राचा अहवाल सक्तीचा केला होता. भरडा स्टडच्या अहवालावर सही सुभद्राची.

होमाईबाईंना अहवालात रस नव्हता. त्यांना पेटल हवी होती.

"दसऱ्याला माझी आंबी रिंगणात उभी करायची," त्यांनी आपल्या पारशी मराठीत सुभद्राला बजावलं होतं, "आणि तिच्या बाजूला पेटल चालवायची. पाहुण्यांचे डोळे बाहेर आले पाहिजे, डिकरी! बावा असते तर रडले असते."

आंबी म्हणजे गोल्डन पेटल, त्या घराण्याची पाच वर्षांची ताजी राणी. पिकल्या आंब्याच्या रंगाची, म्हणून मोतद्दारांनी ठेवलेलं नाव आंबी. दसऱ्यानंतर महिन्याभरानं ती मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत पळणार होती.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना, दुपारी सगळे जेवायला गेल्यावर सुभद्रानं रंगीत तालीम घेतली. एकेचाळीस घोड्यांचे केस यंत्रानं रिचवले होते. आंबीला तिनं कठड्याला बांधलं, पुढ्यात गवत टाकलं आणि कळ दाबली. घोड्यांच्या मापात, चार इंचांचा एक हात धरून, क्वीन्स पेटल साडेसोळा हात उंच होती. फोटोतली तिची लांब मान सुभद्राला पाठ होती.

रिंगणात चालत आली ती जेमतेम साडेतेरा हाताची एक घोडी. आखूड मान, रुंद कपाळ, पिंपासारखी छाती, आणि खाली ते काळे, दगडी खूर. तुरुतुरु चालत ती आंबीच्या शेजारून गेली. प्रकाशाला वास नसतो. आंबीनं गवतातून तोंडसुद्धा वर काढलं नाही.

सुभद्राला आधी वाटलं, नमुने बदलले. तिनं सगळं पुन्हा चालवलं. तीच घोडी आली. मग तिनं दुसरी तपासणी केली, जिच्यात चूक व्हायला जागाच नाही. पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा मजकूर वेगळा असतो आणि तो बापाकडून येतच नाही. शेजारणीच्या चुलीतला विस्तव आणून आपली चूल पेटवावी, तसा तो फक्त आईकडून लेकीला मिळतो, पिढ्यान्‌पिढ्या न विझता. आंबीच्या पेशीतला विस्तव कुठल्या चुलीतला, हे तिनं यंत्राला विचारलं. विलायतेतल्या एकाही शर्यतीच्या घराण्याशी तो जुळला नाही. जुळला तो भीमेकाठच्या धनगरांच्या कळपांतल्या सतरा घोड्यांशी.

सुभद्रा रिंगणाच्या कठड्यावर बसून राहिली. आजवर प्रत्येक शिंगराची तपासणी व्हायची ती फक्त त्याच्या आईबापाशी. आंबी तिच्या आईशी जुळत होती, आई आजीशी. खापरपणजीपर्यंत मागं जायची गरजच कोणाला पडली नव्हती, आणि खापरपणजीच्या वेळी असली तपासणीही नव्हती. म्हणजे एक्क्याऐंशी सालच्या त्या पहाटे मेलं ते पेटलचं शिंगरू. जगलं ते नथणीचं.

बुकात जागा फक्त शुद्ध शर्यतीच्या रक्ताला, म्हणून अहवाल पाठवला तर आंबीचं नाव बुकातून जाणार होतं. बुकाबाहेरची घोडी शर्यत पळत नाही, तिच्या शिंगरांना कोणी विचारत नाही. तिच्या चाळीस बहिणी-भाच्यांचं तेच. हे झालं फार्मचं. पण सुभद्राला खरी काळजी होती ती तात्यांची. तात्यांच्या उभ्या आयुष्यात मिरवायची अशी ती एकच गोष्ट होती. दर दसऱ्याला माणसं त्यांच्याकडं मान वर करून बघायची ती तेवढ्या दहा मिनिटांपुरती. आता लोक म्हणणार, म्हाताऱ्यानं शिंगरू बदललं आणि साठ वर्षं पेढे खाल्ले.

अहवालात एक रकाना होता, 'नमुने अपुरे'. तिथं एक खूण केली असती, तर वर्षभर कोणी काही विचारलं नसतं.

संध्याकाळी होमाईबाईंचा फोन आला. "पेटल तयार?"

"दोन दिवस द्या, बाई. जरा अडचण आहे." खोटं बोलायची सवय नसल्यामुळं सुभद्राचा आवाज फाटला.

ती तशीच तात्यांकडं गेली. तात्या ओट्यावर बसून आंबीसाठी नवं दावं वळत होते. रेशमी कासरे बाजारात मिळत असताना हे दावं आंबीला कोणी बांधणार नव्हतं, पण दर दसऱ्याला ते एक वळायचेच.

"तात्या, त्या दिवशी दोन्ही शिंगरं तुम्हीच बाहेर काढलीत?"

"कुठल्या दिशी?" ते म्हणाले, पण हात थांबला होता.

"नथणीच्या."

तात्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "गोष्ट ऐकायची व्हय? दसऱ्याला ऐक की."

"दसऱ्याला सांगता ती नको. झालं ते सांगा."

त्यांनी सुंभाचा पीळ चाचपला. मग बोलू लागले, ते गोष्टीच्या सुरात नाही. पेटलला रक्त जात होतं, डॉक्टर पुण्याहून निघालेले. तिचं पिल्लू तिच्या पायाखाली येईल म्हणून तात्यांनी उचलून बोळात आणलं. पलीकडं नथणीही व्याल्यावरच्या कळांनी लोळत होती, म्हणून तिचंही उचललं. दोन्ही ओली, दोन्ही काळपट, एकाच तरटाखाली ठेवली. तात्या तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ते पेटलकडं धावले, आणि परत आले तेव्हा एक शिंगरू थंड पडलं होतं.

"मग कुठलं कोणाचं, ते कसं ओळखलं?"

"जमादारानं." जमादार म्हणजे सगळ्या मोतद्दारांचा मुकादम. "त्यो म्हनला, ह्यात बघायचं काय? जगलं ते जातिवंत, मेलं ते तट्टाचं. साऱ्यांनी माना हालवल्या. म्याबी."

एवढीच चूक. वंशाच्या अभिमानावर पोसलेल्या त्या जगात ही सोडून दुसरी चूक होणंच शक्य नव्हतं.

"पुढं?"

"पुढचं म्या कधी सांगत न्हाई." तात्यांनी दावं खाली ठेवलं. "परक्याचं लेकरू घोडीला लावायचं तर तिच्या मेलेल्या लेकराचं कातडं त्याच्या पाठीवर घालत्यात. वास आपल्याच लेकराचा येतो, मग ती फसती. जमादार म्हनला, म्हस्कू, तू काढ. म्या काढलं. ह्या हातांनी. तिच्या लेकराचं कातडं, सुभे. अजून ऊन हुतं. ते सुतळीनं जगलेल्याच्या पाठीवर बांधलं आन् तिच्या म्होरं नेऊन हुबं केलं. आईला म्या तिच्याच मेलेल्या पोराचं सोंग दावलं."

त्यांचा आवाज बसला.

"आन् तिनं काय केलं म्हाईत हाय? हुंगलं. मग ते कातडं नाकानं बाजूला सारलं. सुतळी तुटस्तोवर सारलं. आन् खालचं लेकरू चाटायला लागली. म्या म्हनलं, हिला समदं कळलं. आपलं गेलं हे कळलं, हे परकं हाय हे कळलं, तरी लावून घेतलं. मानसाला जमंल का? लोक टाळ्या वाजवत्यात. मला वाटतं, म्हस्कू, तू तिला फसवाया निघाला हुतास, आन् तिनं तुला माफ केलं. साठ वर्सं झाली. दर दसऱ्याला तिच्या समाधीवर हळद वाहतो, ती त्याच्यासाठी."

तिच्या समाधीवर म्हणजे ओढ्याकाठच्या बाभळीखाली. तात्या तिथं एकटेच जायचे, कोणाला बरोबर येऊ द्यायचे नाहीत. सुभद्राला लहानपणी वाटायचं, तात्या देव करायला जातात.

ती त्यांच्या पायाशी बसली. दुपारभर जे लपवायचं असं ती ठरवत होती, ते आता तिला क्षणभरही धरून ठेवता येईना.

"तात्या, ते कातडं तिच्या लेकराचं नव्हतं. ते पेटलच्या पिल्लाचं होतं. जमादार चुकला. तिनं परकं कातडं बाजूला सारलं, कारण खाली तिचं स्वतःचं लेकरू होतं."

तात्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. चुलीतल्या विस्तवाचं सांगितलं, आंबीपासून मागं मागं जात थेट नथणीपर्यंत. तात्यांचे ओठ हलायला लागले. मग त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. सुभद्रा घाबरली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ते हसतही होते.

"म्हंजी तिचं मेलंच न्हाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आगं, तिचं मेलंच न्हाई!"

तात्या थोडे शांत झाल्यावर तिनं बाकीचंही सांगितलं. आंबी पळणार नाही. लोक तुम्हाला नावं ठेवतील. एक रकाना आहे, तिथं खूण केली तर सगळं झाकून राहील.

"आंबीत तिचं किती हाय म्हनलीस?"

"बत्तिसावा हिस्सा."

"शेरात अर्धी छटाक," तात्या म्हणाले. "अर्ध्या छटाकीनं येवढं घरानं हुबं केलं, आन् नाव दुसरीचं. झाकू नगंस, सुभे. नथणीचं नाव लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं होमाईबाईंना रिंगणात बोलावलं. तात्या आधीच येऊन कठड्याला टेकले होते. सुभद्रानं कळ दाबली आणि ती ठेंगणी घोडी तुरुतुरु चालत आली. होमाईबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ए कोण छे?"

सुभद्रानं सांगितलं. होमाईबाई सगळं ऐकेपर्यंत उभ्या होत्या, मग मिळेल त्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे माझ्या बावानं पन्नास वर्षं दिवाणखान्यात चुकीच्या बाईचा फोटो लावला," त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही. मग कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "तू सही केली नाही, तर कोणाला कळेल?"

"आपल्या तिघांना कळलंय, बाई."

होमाईबाई आंबीकडं बघत राहिल्या. ती जन्मली तेव्हा पायांवर उभी राहीपर्यंत त्या गवतात बसून होत्या. एक मोठी शर्यत, फक्त एक, आंबीनं जिंकावी एवढंच त्यांना या वयात हवं होतं, आणि तसं त्या बोलूनही दाखवत. आता डोळे भरून आले तेव्हा त्यांनी ते पुसलेही नाहीत.

तात्यांचं मात्र दोघींकडं लक्षच नव्हतं. ते कठड्याच्या आत शिरले होते. प्रकाशाच्या घोडीबरोबर तिच्या चालीनं, अडखळत, तेही चालत होते. नाकपुडीजवळचा ठिपका दिसत नव्हता. तोंडाचा तेवढा भाग धूसर होता. तात्यांनी त्या जागी बोट ठेवलं. "हितं पांढरं हुतं, मिशीनला सांग. आन् डावा कान चुकलाय. तिचा कान शेंड्याला फाटका हुता."

"फाटका कान वंशात उतरत नाही, तात्या. तो मशीनला कसा कळणार?"

"व्हय, ते बी खरंच." त्यांनी हात वर केला आणि जिथं कान होता तिथल्या रिकाम्या हवेवरून अलगद फिरवला. होमाईबाई ते बघत होत्या. म्हातारा माणूस हवा कुरवाळताना एरवी हसू आलं असतं. त्या उठल्या.

"सही कर," सुभद्राला त्या म्हणाल्या. "बुकात नसली तर नसली. आंबी माझ्या दारातून कुठं जाणार नाही." मग दारापर्यंत जाऊन वळल्या. "आणि तिच्या सगळ्या बहिणींच्या मालकांना मी स्वतः फोन करीन. शिव्या मलाच खाऊ देत."

सुभद्रानं त्याच दुपारी अहवाल पाठवला. मूळ घोडी या रकान्यात तिनं लिहिलं: नथणी, भीमथडी, भीमाकाठ. पुढं आईचं नाव, बापाचं नाव विचारलं होतं. तिथं तिनं 'माहीत नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

दसऱ्याला पाहुणे आले ते कमीच. बातमी पसरली होती. पेढ्यांचा खोका फिरला, पण "होऊन जाऊ द्या" म्हणायला कोणी धजेना. तेव्हा तात्या आपणहून पुढं आले. आंबीच्या गळ्यात त्यांनी वळलेलं सुंभाचं दावं होतं. ते बांधायला होमाईबाईंनीच सांगितलं होतं. तात्यांनी वाकून तिच्या चारी काळ्या खुरांना हळद लावली, कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाले आणि कोणी न विचारता सांगू लागले. पेटल गेली ते सांगितलं. तरट सांगितलं, जमादार सांगितला, आणि आजवर कधी न सांगितलेलं ते कातडंही, सुतळीसकट. सुभद्राला पुढचं वाक्य पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

"आन् आमच्या नथणीनं," तात्या म्हणाले, आणि सवयीनं थांबले.

चार-दोन मोतद्दार चाचरत म्हणाले, "पान्हा चोरला न्हाई."

"कशाला चोरंल?" तात्या म्हणाले. "लेकरू तिचंच हुतं."